सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर : एका दिवसाचे क्षेत्रनिरीक्षण आणि ‘हेमाडपंती’ ह्या संज्ञेची तपासणी

महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यात काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले जुने देऊळ दिसले आणि ते कोणी बांधले असे विचारले, की बहुधा एकच उत्तर मिळते : देऊळ हेमाडपंती आहे. हे उत्तर इतके सर्वत्र रूढ आहे की प्रश्नकर्त्याचेही त्याने समाधान होते. गावकऱ्याने ते द्यावे ह्यात आश्चर्य नाही. परंतु प्रबंधातून, स्थलवर्णनातून आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या टिपणांतूनही हाच शब्द कर्त्याचे नाव, काळ आणि शैली ह्या तिन्ही गोष्टींसाठी एकदम वापरला जातो. आणि एकाच शब्दावर तीन निरनिराळी विधाने उभी राहिली म्हणजे त्यांपैकी कोणते सिद्ध झाले आहे हे कळेनासे होते. ह्या शब्दाची तपासणी ग्रंथालयात बसून करता येते, परंतु ती एखाद्या मंदिरापुढे उभे राहून केल्यास अधिक फलदायी होते. नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर त्यासाठी सर्वतोपरी सोयीचे आहे. सकाळी निघून सायंकाळी परतता येते. मंदिराचे शिखरासह पूर्ण रूप टिकून आहे. आणि त्याच गावात तुलनेसाठी निराळ्या धाटणीचे दुसरे एक मंदिर उभे आहे.

सिन्नरचे ऐतिहासिक महत्त्व देवगिरीच्याही आधीचे आहे. यादव घराण्याचा मूळ पुरुष दृढप्रहार ह्याचा संबंध चंद्रादित्यपुराशी, म्हणजे आजच्या चांदवडशी जोडला जातो. त्याचा पुत्र सेउणचंद्र ह्याने सेउणपूर वसविले, आणि ‘सिंदिनेर’ ह्या नावाने उल्लेखिलेले स्थान म्हणजे सिन्नरच होय असे अभ्यासक मानतात. पाचवा भिल्लम १२व्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र झाला आणि देवगिरी ही राजधानी उदयास आली. त्यापूर्वी सुमारे तीन शतके हे घराणे नाशिक-अहमदनगरच्या प्रदेशात, प्रथम राष्ट्रकूटांचे व नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून नांदत होते. शके ९२२ (इ. स. १०००) चा दुसऱ्या भिल्लमाचा संगमनेर ताम्रपट, शके ९४८ चा तिसऱ्या भिल्लमाचा कळस-बुद्रुक ताम्रपट आणि शके १०२० चा ऐरमदेवाचा अश्वी ताम्रपट ही ह्या कालखंडाची प्रमुख साधने होत. यादवांचा इतिहास म्हणजे सिंघण आणि रामचंद्र असे समीकरण मनात असलेला विद्यार्थी ह्या मांडलिक शतकांकडे सहसा वळत नाही. सिन्नरचे मंदिर नेमके ह्याच दुर्लक्षित काळाकडे बोट दाखविते.

निरीक्षणाचा क्रम सूर्यावर ठरवावा लागतो. मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळी दर्शनी भाग उजळतो. हिवाळ्याच्या दिवसांत दक्षिण भिंत दिवसाचा बराच काळ उन्हात असते आणि पश्चिमेकडील पाठभिंत दुपारनंतर स्पष्ट होते. उत्तर भिंतीवर थंडीच्या दिवसांत सरळ ऊन पडतच नाही. सिन्नरचा अक्षांश वीस अंशांच्या किंचित आत असल्यामुळे ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास सूर्य मध्यान्हीही थोडा उत्तरेस असतो. परंतु त्या दिवसांत आभाळाचा भरवसा नसतो. झिजलेले कोरीवकाम समोरून पडणाऱ्या प्रखर उजेडात सपाट दिसते, तिरप्या उजेडात त्याच्या कडा वर येतात. लेख शोधणाऱ्याने तर हे विशेष ध्यानात ठेवावे. उपासकाने आधी गाभाऱ्यात जावे हे स्वाभाविक आहे. अभ्यासकाने मात्र आधी बाहेरून प्रदक्षिणा करावी हे बरे. गाभाऱ्याच्या अंधारातून बाहेर आल्यावर काही काळ डोळ्यांना बारकावे दिसत नाहीत, एवढेच त्याचे कारण नाही. मंदिराचा तलविन्यास बाह्य भिंतीच्या कोनांतून आणि पुढे-मागे सरकलेल्या पृष्ठांतून जितका चटकन उमगतो तितका आतून उमगत नाही.

भोवती प्राकार, त्याच्या आत उंच जगती आणि जगतीवर पाच मंदिरांचा समूह अशी ही रचना आहे. जगतीची लांबी-रुंदी सुमारे १२५ फूट आणि ९५ फूट आहे. मध्यभागी शिवाचे मुख्य मंदिर, समोर नंदीचा मंडप आणि चार कोपऱ्यांवर विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य ह्यांची लहान मंदिरे आहेत. हेच पंचायतन. स्मार्त परंपरेतील पाच देवतांची ही मांडणी पूजेच्या देवघरात आजही आढळते; तिथे पाच लहान मूर्ती एका ताम्हनात मावतात, येथे तीच कल्पना दगडात आणि जगतीच्या विस्तारावर उतरली आहे. मध्यभागी कोणती देवता आहे त्यावरून पंचायतनाला नाव मिळते, म्हणून हे शिवपंचायतन. चारी लहान मंदिरे मुख्य मंदिराच्या कोपऱ्यांशी मेळ राखून बसविलेली असल्यामुळे पाची शिखरे एकाच रचनेचे अवयव भासतात. अशा समूहात नंतरची भर कोणती हे ओळखण्याचा एक मार्ग आहे : पीठाचे थर, दगडाची जात आणि सांधेजोड पाचही ठिकाणी सारखी आहे की नाही हे पाहणे. विद्यार्थ्यांनी हे काम अंदाजाने न करता थरांची उंची मोजूनच करावे.

दगड हा येथील दुसरा पुरावा होय. दख्खनचे पठार लाव्हारसाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचे बनलेले आहे. काही थर घट्ट व एकजीव असतात. काहींमध्ये थंड होताना अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या राहतात आणि त्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरतात. हा दुसऱ्या प्रकारचा खडक घडविण्यास सोपा, पण पाऊस-उन्हाला कमी टिकणारा. पोकळीतील खनिज सुटले की तेथे खळगा पडतो, आणि मूर्तीचा चेहरा किंवा नक्षीची रेघ त्या खळग्यात हरवते. एखादी मूर्ती झिजलेली दिसली की ती फोडली असे तर्क सर्रास केले जातात. घावाची खूण आणि हवामानाची झीज ह्या दोन गोष्टी भिन्न दिसतात : घावाने तुटलेली कड तीक्ष्ण असते व ती प्रायः उठावाच्या भागांवरच, नाक, हात, आयुधे ह्यांवर आढळते, झिजलेला पृष्ठभाग उठाव आणि खोलगट ह्यांचा विचार न करता सर्वत्र सारखाच खडबडीत होतो. ह्या भेदाची नोंद न करता लिहिलेले वर्णन इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी, प्रसंगी उपद्रवी ठरते.

आता ‘हेमाडपंती’ ह्या शब्दाने लोक ज्याचा निर्देश करतात त्या बांधणीकडे वळू. घडीव दगड एकमेकांवर चुन्याशिवाय बसविणे हे तिचे लक्षण मानले जाते. ही बांधणी मुळात स्तंभ आणि तुळई ह्यांची आहे. दगड दाब उत्तम सोसतो, परंतु ताण सोसत नाही. दोन खांबांवर टेकलेली दगडी तुळई स्वतःच्या आणि वरच्या भाराने खालच्या बाजूस ताणली जाते. अंतर वाढले की ती मध्यभागी तडकते. म्हणून खांब जवळजवळ येतात, आणि मोठा खुला मंडप साधावयाचा असेल तर निराळी युक्ती योजावी लागते. खांबांवरच्या चौकटीच्या चारी कोपऱ्यांत तिरप्या शिळा ठेवल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो; त्यावर प्रत्येक वर्तुळाकार थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवीत नेला की घुमटाकार वितान तयार होते आणि मध्यावर एक शिळा बसविली की छत मिटते. येथे खऱ्या कमानीचे तत्त्व नाही. प्रत्येक दगड आपल्या मागच्या भागावरील भाराने तोल सांभाळतो. अशा रचनेत चुना असला काय आणि नसला काय, भाराचा मार्ग बदलत नाही. चुन्याचा अभाव ही ह्या पद्धतीची उणीव नव्हे आणि चमत्कारही नव्हे. सांधा जर घासून इतका सपाट केला असेल की दोन्ही पृष्ठे सर्वत्र टेकतात, तर मध्ये भर घालण्याचे प्रयोजनच उरत नाही.

आणि हीच गोष्ट कालनिर्णयाच्या आड येते. सुकी सांधेजोड हे तंत्र आहे. तंत्र शतकानुशतके चालते. भारतात अन्यत्रही, हेमाद्रीचे नाव ज्यांनी ऐकले नव्हते अशा प्रदेशांत, दगडी मंदिरे ह्याच रीतीने उभी राहिली. तेव्हा सांधेजोडीवरून शतक ठरविणे म्हणजे टाक्यांवरून शिंप्याचे नाव सांगण्यासारखे आहे.

शतक सांगण्यास अधिक लायक असा अवयव म्हणजे शिखर. गोंदेश्वराचे शिखर भूमिज प्रकारचे आहे. उत्तर भारतातील नित्याच्या रेखा-शिखरापासून ते एका दृष्टिक्षेपात वेगळे ओळखता येते. चारी दिशांना मध्यभागी पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाळीदार नक्षीची एकेक पट्टी चढत जाते. तिला लता म्हणतात. दोन लतांमधल्या प्रत्येक चतुर्थांशात लहान लहान शिखरांच्या, आखूड खांबांवर उचललेल्या प्रतिकृती आडव्या-उभ्या रांगांत मांडलेल्या असतात. आडव्या रांगेस भूमी म्हणतात, आणि प्रत्येक वरच्या भूमीतील प्रतिकृती खालच्या भूमीतील प्रतिकृतीपेक्षा लहान होत जाते. त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास उंची आहे त्याहून अधिक भासते आणि सबंध शिखर माळा बांधून सजविल्यासारखे दिसते. समोरच्या लतेच्या पायथ्याशी, अंतराळावर, शुकनास पुढे येते, माथ्यावर आमलक. ह्याच्या शेजारी मंडपाचे छप्पर मात्र पायऱ्यापायऱ्यांनी चढणारे, सूच्याकार आणि बुटके आहे. उंच शिखर आणि बुटके छप्पर ह्यांची ही जोडी दक्षिणेच्या बाजूने काही पावले मागे सरून पाहिल्यास पुरती ध्यानात येते.

भूमिज प्रकाराचे विवेचन परमार भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ह्या वास्तुग्रंथात आहे, आणि माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर हा त्याचा ११व्या शतकाच्या उत्तरार्धातील नामांकित नमुना होय. महाराष्ट्रात अंबरनाथ, झोडगे, बलसाणे येथे हीच परंपरा दिसते. आता एक विसंगती पाहण्याजोगी आहे. संगमनेर ताम्रपटात दुसऱ्या भिल्लमाने माळव्याच्या मुंजाविरुद्ध चालुक्यांच्या बाजूने पराक्रम केल्याचे गौरवाने सांगितले आहे. तिसऱ्या भिल्लमाची राणी चालुक्य जयसिंहाची कन्या होती. म्हणजे राजकीय निष्ठा दक्षिणेकडे, वैर उत्तरेकडे; आणि सेउणदेशातील मोठ्या मंदिराचे शिखर मात्र माळव्याशी नाते सांगणारे. राजांच्या युद्धांवरून शैलींचे नकाशे काढणाऱ्यांना हे उदाहरण अवघड जाते. कारागीर, त्यांची घराणी, त्यांच्याकडील पोथ्या आणि आराखडे हे तहनाम्यांच्या सीमा पाळीत नव्हते असेच येथे म्हणावे लागते.

भूमिज शिखराचा महाराष्ट्रातील काळ निश्चित करण्यास अंबरनाथचा शिलालेख उपयोगी पडतो. कारण तेथे साल दिलेले आहे. त्या सालाच्या वाचनाचा इतिहासही बोधप्रद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी ते शके ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी लेखाचे फेरवाचन करून तो अंक ९८२ असल्याचे दाखविले, आणि शिलाहार मम्मुणीच्या काळाशी तो जुळल्यामुळे हेच वाचन मान्य झाले. एका अंकाच्या फरकाने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. लेखातील बांधकाम मुळातले की पुन्हा केलेले, ह्याविषयी मतभेद झालेले आहेत. तथापि शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्ये तेथे मंदिराचे काम झाले होते, एवढे त्यावरून निश्चित धरता येते.

आता हेमाद्रीचा काळ ह्याच्याशेजारी मांडावा. हेमाद्री हा यादव महादेव (इ. स. १२६१–१२७१) आणि रामचंद्र (इ. स. १२७१–१३११) ह्यांच्या काळातील श्रीकरणाधिप व मंत्री. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा प्रचंड धर्मशास्त्रीय संग्रहग्रंथ. अंबरनाथचे काम आणि हेमाद्रीची कारकीर्द ह्यांत दोन शतकांचे अंतर आहे. तरी अंबरनाथलाही ‘हेमाडपंती’ म्हटले जातेच. मोडी लिपी त्याने आणली, बाजरीचे पीक त्याने आणले, अशा ज्या कथा त्याच्या नावाभोवती जमल्या त्यांच्याच मालिकेतील मंदिरांची कथा होय. देवगिरीच्या वैभवाच्या अखेरच्या पिढीतील कर्तबगार प्रधान लोकस्मृतीत उरला, आणि ज्या गोष्टींचा कर्ता विस्मृतीत गेला त्या सर्व त्याच्या खाती जमा झाल्या. हेमाद्रीने एकही मंदिर बांधविले नसेल असे ह्यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की ह्या शैलीचा आरंभ त्याच्याशी जोडता येत नाही. जाता जाता हेही नमूद करणे अवश्य आहे की मूळ शब्द ‘पंत’ ह्यावरून ‘हेमाडपंती’ असा आहे. ‘हेमाडपंथी’ हे रूप आता छापील मजकुरातही आढळते. त्यामुळे हेमाद्रीचा कोणी संप्रदाय होता असा भलताच समज व्हावयाचा.

विद्वानांनाही हा शब्द टाकवला नाही हे खरे. हेन्री कझेन्स ह्यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात त्याची दखल घेतली. ओंकार प्रसाद वर्मा ह्यांच्या १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीग्रंथाच्या नावातही तो आहे. रूढ शब्द सोयीचा असतो, आणि महाराष्ट्रातील शेकडो साध्या, अलंकरणविरहित देवळांसाठी दुसरा सुटसुटीत शब्द नाही. परंतु सोयीसाठी वापरलेला शब्द पुरावा म्हणून वापरला जाऊ लागला की त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती प्रायः मांडलिक यादव व शिलाहार ह्यांच्या दोन-अडीच शतकांना मोजावी लागली आहे. ज्या काळात ही कला घडली तो काळच त्यामुळे तिच्या श्रेयातून वगळला गेला.

मग गोंदेश्वर कोणी बांधले? बांधणीचे साल देणारा लेख तेथे उपलब्ध नाही. जुन्या नाशिक गॅझेटियरने नोंदविलेली स्थानिक परंपरा राव गोविंद नावाच्या गवळी राजाला त्याचे कर्तृत्व देते, आणि ‘गोविंदेश्वर’ ह्या नावावरून ‘गोंदेश्वर’ होणे ध्वनिदृष्ट्या सहज आहे. ‘गवळी राजा’ हा लोकभाषेत यादवांचाच निर्देश असावा. हेमाद्रीच्या ‘व्रतखंडा’तील राजप्रशस्तीत पाचव्या भिल्लमाच्या आधीच्या पिढ्यांत गोविंदराज हे नाव येते. ही प्रशस्ती रा. गो. भांडारकर ह्यांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात साधन म्हणून वापरली आहे. दोन गोविंद एकच असे धरण्याचा मोह होतो. पण केवळ नामसादृश्यावर इतके मोठे अनुमान पेलत नाही. मात्र एक गमतीची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : ह्या गावाने आपल्या मंदिराचा कर्ता म्हणून हेमाद्रीचे नाव मुळीच सांगितलेले नाही, आणि परंपरेतील गोविंदाला इतिहासात आधार शोधावयाचा तर तो हेमाद्रीच्याच ग्रंथात, हेमाद्रीच्या पूर्वीच्या राजावळीत सापडतो. शैलीवरून मंदिराचा काळ ११वे–१२वे शतक मानला जातो. ह्याहून अधिक नेमके साल लिहिणाऱ्याने त्याचा आधार दाखविला पाहिजे.

दुपारनंतर गावातील ऐश्वर्येश्वर अथवा ऐयेश्वर मंदिर पाहणे आवश्यक आहे. ते लहान आहे, त्याचे शिखर नष्ट झाले आहे, आणि गोंदेश्वर पाहून आलेला प्रवासी बहुधा पाच मिनिटांत तेथून निघतो. वस्तुतः गोंदेश्वराचे वैशिष्ट्य पुरते कळावयाचे तर तेथेच कळते. अंतराळाच्या पुढील मकरतोरण आणि एकंदर घडण ही दक्षिणेकडील चालुक्य परंपरेशी जवळीक सांगतात. एकाच गावात एक मंदिर माळव्याकडे पाहणारे, दुसरे कर्नाटकाकडे. त्याचे नाव ऐरमदेवाशी जोडण्याचा प्रयत्न झाला आहे. तो नावापुरताच असला तरी मांडलिक यादवांच्या काळात सिन्नर हे दोन वास्तुपरंपरांच्या भेटीचे ठिकाण होते ही गोष्ट त्यावर अवलंबून नाही. ती दोन मंदिरांच्या दगडांवरच लिहिलेली आहे. ‘हेमाडपंती’ हा एकच शिक्का दोहोंवर मारला तर नेमका हाच भेद पुसला जातो.

टिपणवहीत म्हणूनच तंत्र, शिखराचा प्रकार, तलविन्यास, लेख असल्यास त्याचे स्थान व वाचन आणि स्थानिक परंपरा ह्यांना स्वतंत्र जागा द्यावी, व कर्त्याच्या रकान्यात पुरावा नसेल तेथे जागा मोकळी ठेवावी. संरक्षित स्मारकावरील लेखाचा ठसा घेण्यास पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. साधी मोजमापे आणि रेखाटने मात्र कोणालाही काळजीपूर्वक करता येतात. गोंदेश्वराच्या बाबतीत ती करण्यास आणखी एक कारण आहे. येथील दगड झिजत आहे. कझेन्सच्या ग्रंथातील छायाचित्रे घेऊन त्याच भिंतीपुढे उभे राहिल्यास कोणते शिल्प किती उरले ह्याची थरागणिक नोंद करता येईल, आणि उत्तरेकडील प्रणालापासून ती सुरू करणे श्रेयस्कर. कारण ओल आणि सावली ह्यांचा परिणाम त्या बाजूस पहिल्याने दिसावयाचा.